आवाज थांबले, घड्याळ चालूच

सकाळी ८.३०

चाचण्या घ्यायची माझी खोली ओपीडीच्या पार टोकाला आहे. पूर्वी तिथे जुने केसपेपर ठेवायचे. खिडकी एकच, पण पूर्वेची, त्यामुळे सकाळी उजेड चांगला येतो. टेबल असं लावून घेतलंय की लिहिणाऱ्याच्या हाताची सावली कागदावर पडू नये. ट्यूबलाइट लुकलुकत असली तर वॉर्डातल्या मामांच्या मागे लागून आधी ती बदलून घ्यायची, मग पुढचं. विभागात याची थट्टा होते. पण माझं निम्मं काम नजरेचं आहे. समोरच्याला कागदावरचं किती वेगात दिसतं, दिसलेलं किती वेळ टिकतं आणि त्यावरून हात किती लवकर चालतो, एवढंच मी मोजते. उजेड वाईट असेल तर मी आजार मोजत नाही, ट्यूब मोजते.

पेन्सिली टोक काढून ठेवायच्या. खोडरबर ठेवायचा नाही, कारण माणूस खोडत बसला की तो वेळ विचाराचा होता की टापटिपीचा हे नंतर सांगता येत नाही. स्टॉपवॉच साधं, बटणाचं. मोबाईल टेबलावर ठेवला की सगळे मोबाईलकडेच बघतात, त्यात मीही आले.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात. नातेवाईक 'काउन्सेलिंगच्या मॅडम' म्हणतात, सिस्टर 'टेस्टिंगवाल्या मॅडम' म्हणतात. सिस्टरचं जास्त बरोबर आहे.

९.१५

बाकं भरली. निवासी डॉक्टर आत केस बघतात आणि ज्यांची चाचणी हवी त्यांना चिठ्ठी देऊन माझ्याकडे पाठवतात. चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: लक्षणं आटोक्यात, विसरण्याची तक्रार, तपासून कळवावे. चिठ्ठीत न मावलेलं सगळं आई सांगते.

"मॅडम, आवाज गेले त्याचे. संशय गेला. शेजाऱ्यांवर ओरडणं गेलं. देवाची कृपा. पण दूध आणायला पाठवला तर पिशवी घेऊन दारातच उभा. काय सांगितलं होतं, विसरला. बातम्या बघत बसतो, काय बातमी होती विचारलं तर म्हणतो, आली आणि गेली."

'आली आणि गेली' हे मी केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. मोठमोठ्या ग्रंथांत याच्याइतकं नेमकं वर्णन क्वचित सापडतं.

वडील तोवर गप्प होते. ते म्हणाले, "आळस आहे हो. पहिल्यापासूनच." त्यांना लगेच खोडून काढायचं नाही, हे मी नोकरीतच शिकले. ते चिडलेत, आणि चिडायला त्यांच्याकडे कारण आहे. मुलाचं वय जातंय, आपलंही.

देशातल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये काढलेला आकडा असा की स्किझोफ्रेनिया आणि त्यासारखे आजार आयुष्यात कधीतरी होतात असे प्रौढ १.४ टक्के. म्हणजे शंभर-सव्वाशे लोकांच्या सोसायटीत एखादं घर. त्या घरात आरडाओरडा थांबला की शेजारीपाजारी म्हणतात, बरा झाला. घरातल्यांना दिसतं की काहीतरी अजून मागे राहिलंय. ते काय, हे सांगायला माझी खोली.

९.४५

पहिला. बत्तीस वर्षांचा तरुण, डी. फार्म. झालेला. चोविसाव्या वर्षी आजारी पडला. आता बरीच वर्षं गोळ्या नियमित, आवाज नाहीत. उपनगरात एका मेडिकलमध्ये कामाला आहे. मालकाची तक्रार अशी की याला काउंटरला उभा केला की रांग लागते. त्याचं स्वतःचं म्हणणं वेगळं.

"चिठ्ठी वाचता येते मला. औषध कुठं ठेवलंय तेही माहितीये. पण समोर चार जण बोलायला लागले की रॅक दिसतच नाही."

सुरू करायच्या आधी माझे ठरलेले प्रश्न. रात्री झोप झाली का? गोळी किती वाजता घेतली? चहा झाला? तंबाखू? आणि, "दादा, चष्मा आणलाय का?" चष्मा शर्टाच्या खिशात होता. विचारलं नसतं तर तिथेच राहिला असता, आणि मी त्याच्या डोळ्यांचा नंबर मेंदूच्या खात्यावर टाकला असता.

मग आकडे-चिन्हांचा तक्ता. खरी चिन्हं इथे सांगणार नाही. चाचणी आधीच माहीत झाली की ती निकामी होते. रचना अशी: कागदाच्या वरच्या बाजूला एक ते नऊ आकडे, प्रत्येकाखाली एक लहानसं चिन्ह. खाली रांगाच्या रांगा, त्यांत आकडे दिलेले आणि चौकट रिकामी. आकडा बघायचा, वर जाऊन त्याचं चिन्ह शोधायचं, खाली येऊन काढायचं. काही संचांत ९० सेकंद देतात, काहींत १२०, आणि तेवढ्यात किती चौकटी भरल्या ते मोजतात. मी वापरते त्यात सगळा तक्ता पुरा व्हायला किती वेळ लागला ते बघायचं. चौथीतल्या मुलालाही जमेल असं काम. तरी या आजारात सर्वांत जास्त उघडं पाडणारी हीच चाचणी आहे.

त्याने पेन्सिल उचलली. मी घड्याळ दाबलं आणि त्याच्या डोळ्यांकडे बघत बसले. धडधाकट माणसाचे डोळे पहिल्या दोन रांगांत सारखे वर जातात. मग दोन-तीन जोड्या आपोआप डोक्यात बसतात आणि त्या आकड्यांपुरतं वर बघणं थांबतं. तिसऱ्या-चौथ्या रांगेपासून हात डोळ्यांच्या पुढे पळायला लागतो. याचे डोळे शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक चौकटीला वर गेले. वर, शोध, खाली. आणि खाली आल्यावर आपण कुठल्या चौकटीत होतो तेच हरवायचं, की पुन्हा तिथून शोध. दुसऱ्या रांगेच्या मध्यावर त्याने डाव्या हाताचं बोट चौकटीवर दाबून धरलं आणि पुढे बोट सरकवत नेलं. मी असं काही सांगितलेलं नव्हतं. त्याचं त्यानेच शोधलं.

पुरा झाला तेव्हा त्याच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या माणसाला लागतो त्याच्या जवळपास दुप्पट वेळ गेला होता. चुका? एक. मालकाला जे कळलं नव्हतं ते या दोन ओळींत आहे. हा माणूस चुकत नाही, त्याला वेळ लागतो. औषधाच्या दुकानात यातलं कुठलं जास्त महत्त्वाचं, याचा विचार मी मनाशी करत राहिले. अहवालात असलं काही लिहायचं नसतं.

११.००

आता कानावाटेची स्मृती. मी पंधरा शब्द वाचते, सेकंदाला एक, सुरात चढउतार न करता. त्याने आठवतील तेवढे सांगायचे, क्रम कसाही. असं पाच वेळा. मग मध्ये दुसरीच एक यादी, पुन्हा पहिली आठवायची, आणि मग अर्ध्या तासाच्या खंडानंतर परत. त्या अर्ध्या तासात शब्दांशी संबंध नसलेलं काम द्यायचं. मी एक किचकट आकृती समोर ठेवते: बघून काढा. तिचे अठरा भाग, प्रत्येकाला दोन गुण, एकूण छत्तीस.

या आकृतीत मला गुणांपेक्षा क्रम बघायला आवडतो. बहुतेक लोक आधी मोठा सांगाडा टाकतात आणि मग आतले तुकडे भरतात. याने कडेच्या एका बारीक तुकड्यापासून सुरुवात केली, त्याला जोडून दुसरा, त्याला जोडून तिसरा. नक्कल शेवटी ठीकठाक झाली. पण नंतर कागद झाकून 'आता आठवून काढा' म्हटल्यावर पाच-सहा सुटे तुकडे उमटले, त्यांना एकत्र धरणारा सांगाडाच नव्हता. आठवणीत ठेवताना तो ठेवलाच गेला नव्हता.

अर्धा तास झाला. "मघाचे शब्द आठवतात?" चार आठवले. मग मी एक लांब यादी वाचली, तिच्यात जुने शब्द नव्यांत मिसळलेले: ओळखीचा आला की 'हो' म्हणा. त्यातले तेरा त्याने ओळखले. नातेवाइकांना हा भाग मी आवर्जून सांगते. आंद्रे आलेमान आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सत्तर अभ्यास एकत्र करून दाखवलं की स्किझोफ्रेनियात स्वतःहून आठवण्यात निरोग्यांशी पडणारा फरक मोठा असतो, आणि समोर आलेलं ओळखण्यात तो साधारण निम्मा. म्हणजे आत काहीच नाही असं नसतं. काही आत गेलंय पण हाकेला ओ देत नाही, आणि काही मुळात आत गेलेलंच नाही.

हे दुसरं कसं होतं? शाळेत गुरुजी श्रुतलेखन घालायचे तेव्हा मागे पडलेल्या मुलाचं काय व्हायचं ते आठवा. पहिलं वाक्य लिहीत असताना दुसरं सुरू व्हायचं. दुसरं पकडेपर्यंत तिसरं. शेवटी वहीत अर्धीअर्धी वाक्यं. त्या वहीतून नंतर पूर्ण उतारा वाचून दाखव म्हटलं तर तो कसा दाखवणार? बातमी आली आणि गेली, ती अशी. जग ज्या वेगाने सांगतं त्या वेगाने हा टिपून घेऊ शकत नाही, आणि आपण त्याला विसराळू म्हणतो.

१२.१५

ओपीडीची गर्दी ओसरते तेव्हा निवासी डॉक्टर माझ्या दारात येऊन उभे राहतात. आज नवीन मुलगी आहे, पहिल्या वर्षाची. तिचा प्रश्न सगळ्यांचाच असतो: "मॅडम, हे गोळ्यांमुळे नाही का होत?"

थोडं होतं. २०१० मध्ये नोल्स आणि सहकाऱ्यांनी आकडे-चिन्हांच्या चाचणीचे जुने अभ्यास पुन्हा तपासले तेव्हा दिसलं की गोळ्यांची मात्रा जितकी जास्त तितका हा मंदपणा जास्त दिसतो. जे जास्त आजारी त्यांनाच जास्त मात्रा मिळते, हेही आहेच. पण सगळा दोष गोळ्यांवर ढकलता येत नाही. ज्यांनी एकही गोळी घेतलेली नाही अशा नव्या रुग्णांतही हा मंदपणा सापडतो. आजार नसलेल्या भावंडांत तो सौम्य रूपात सापडतो. आणि पुष्कळ घरांत आई सांगतेच, दहावीनंतर मार्क घसरायला लागले, आवाज नंतर दोन-तीन वर्षांनी आले.

तिला मी एक गोळी मात्र लक्षात ठेवायला सांगितली: ट्रायहेक्सिफेनिडिल. मूळ औषधाने अंग आखडतं, हात थरथरतात, त्यावर ही देतात. ती उपयोगी आहे, पण नवीन आठवणी बसवायच्या कामात ती पाय ओढते. आखडणं थांबून वर्षं झाली तरी चिठ्ठीवर ती तशीच पुढे चालत राहते, कारण मागच्याने लिहिली म्हणून पुढचा लिहितो. अहवालात मी 'याचा पुनर्विचार व्हावा' एवढंच लिहू शकते. कमी करायची की नाही, ते डॉक्टरने ठरवायचं. नातेवाइकांनी तर ती स्वतःहून मुळीच बंद करू नये.

पोरगी हुशार आहे. तिने विचारलं, "डोळ्यांचा संबंध कधी कळला?"

तो फार जुना आहे, फक्त मध्ये विसरला गेला. १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी बर्लिनला 'स्किझोफ्रेनिया' हे नाव मांडलं. त्याच वर्षी डीफेनडॉर्फ आणि डॉज या दोघांनी डोळ्यांच्या हालचालींचे फोटो घेऊन दाखवलं होतं की या रुग्णांची नजर हलत्या वस्तूमागे सुरळीत फिरत नाही, अडखळते. १९७३ मध्ये फिलिप होल्झमन यांनी ते पुन्हा उकरून काढलं. त्याच दशकापासून आणखी एक प्रयोग चालत आला. पडद्यावर एक अक्षर क्षणार्धासाठी दाखवायचं आणि मागोमाग त्याच जागी नुसत्या रेघांचं जाळं. अक्षर आणि जाळं यांच्यातलं अंतर फार कमी असेल तर अक्षर कुणालाच दिसत नाही, जाळं त्याला पुसून टाकतं. अंतर वाढवत नेलं की निरोगी माणसाला ते दिसायला लागतं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला त्याहून जास्त अंतर लागतं. हे अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजतात. हात, पेन्सिल, आळस, इच्छाशक्ती, यांतलं काहीही त्या अंतरात मावत नाही. सकाळच्या त्या वडिलांना मला खरं तर हा प्रयोग दाखवायला हवा. यामागे डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी जलद वाट बिघडते की पुढे मेंदूतच काही होतं, यावर अजून वाद आहे.

स्मृतीचं उलट झालं. एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराला अकाली येणारा बुद्धिभ्रंश मानलं, तरी स्मृती त्यांना त्यातल्या त्यात शाबूत वाटली. ब्लॉयलर यांनीही ती आजाराच्या गाभ्यात धरली नाही. दोघांच्या सावलीत पुढच्या पिढ्यांनी ती फारशी मोजलीच नाही. १९९० च्या सुमारास मोजू लागले आणि मग धक्के बसले. १९९६ मध्ये मायकेल ग्रीन यांनी लिहिलं की रुग्ण पुढे आयुष्यात किती उभा राहतो हे त्याच्या आवाजांवरून आणि भासांवरून कळत नाही तेवढं स्मृती आणि लक्ष यांवरून कळतं. आणि २००७ मध्ये ड्वाइट डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी ३७ अभ्यास एकत्र केले, तेव्हा सगळ्या चाचण्यांत मोठा फरक कशात निघाला? तर सकाळच्या त्या पोरकट दिसणाऱ्या तक्त्यात. सरासरी रुग्ण दीड प्रमाण विचलनाहून जास्त मागे.

यावर माझं एक मत आहे, ते ती लिहून घेत असतानाच मी तिला सांगितलं. 'वेग' म्हणून एक वेगळी पेटी मेंदूत नसते. त्या तक्त्यात डोळा आहे, थोडी स्मृती आहे, हात आहे, आणि जागा हरवली तर काय करायचं ही अक्कलही आहे. आकडा एकच येतो म्हणून दोष एकच आहे असं समजू नकोस. बसून बघ.

१.३०

डबा. आज मेथीची भाजी. जेवताना केसचं बोलायचं नाही असा आमचा नियम आहे, आणि तो कुणीही पाळत नाही.

२.१५

जुन्नरकडच्या एक मावशी, पन्नाशी ओलांडलेल्या, सुनेसोबत. आयुष्य शेतात गेलेलं. चिठ्ठीवर तेच: विसरण्याची तक्रार, तपासावे. मी आकडे-चिन्हांचा तक्ता काढलासुद्धा नाही. ज्यांनी शाळेची पायरी चढलेली नाही, त्यांच्या हातात पेन्सिल देऊन घड्याळ लावणं म्हणजे निरक्षरता मोजून तिला आजार म्हणणं. परदेशातून आलेल्या चाचण्यांत ही गफलत पूर्वी सर्रास व्हायची. आपल्याकडे चंडीगडच्या द्वारका पर्शाद आणि एन. एन. विग यांनी १९७७ मध्ये भारतीय रुग्णांसाठी स्मृतीची मापनश्रेणी बनवली. बंगळुरूच्या निम्हान्सने २००४ मध्ये वय, शिक्षण आणि स्त्री-पुरुष असे वेगवेगळे निकष असलेला चाचण्यांचा संच प्रसिद्ध केला. त्यामुळे आता निदान तुलना कुणाशी करायची एवढं तरी कळतं.

मावशींना मी पेटीतल्या वस्तूंची चित्रं दाखवली, झाकली, विचारली. मग गप्पा मारल्या. "भाजी निवडताना काय होतं मावशी?"

"हात चालतो. पन ही बोलाया लागली की हात थांबतो." त्यांनी सुनेकडे बघितलं. "दोन कामं एका टायमाला व्हत न्हाईत आता."

सून हसली, म्हणाली, "मी बोलते फार." तिला मी हसत सांगितलं की मग औषध तुमच्याकडेच आहे: भाजी निवडताना बोलू नका, बोलताना निवडायला देऊ नका. अहवालात त्यांच्यासाठी आकडे कमी आणि वाक्यं जास्त लिहिली. वरिष्ठांना असे अहवाल आवडत नाहीत. पण आकड्याला आधार नसेल तर वाक्य बरं.

३.३०

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं काम. २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत मानसिक आजार आहे. तो मोजायला 'आयडियाज' ही आपल्याकडचीच श्रेणी वापरतात. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि आकलन, काम: या चारांना शून्य ते चार गुण, त्यांत आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे. वीसपैकी सात झाले की ४० टक्के, आणि ४० टक्क्यांपासून सवलतींचं दार उघडतं.

इथे मंद पण व्यवस्थित माणसाची पंचाईत होते. तो आंघोळ करतो, जेवतो, विचारलं की नीट उत्तर देतो. फक्त प्रत्येक गोष्टीला वेळ घेतो. बोर्डासमोर प्रश्नाला दोन सेकंद उशिरा उत्तर दिल्याचे गुण कुठे धरायचे? ते 'काम' या सदरात आले तर आले. म्हणून मी वडिलांना सांगते, "काका, 'सगळं करतो' असं म्हणू नका. किती वेळात करतो ते सांगा. एक सोमवार लिहून आणा, उठल्यापासून झोपेपर्यंत." आपली माणसं बोर्डासमोर मुलाची अब्रू राखायला जातात आणि दाखला हातचा घालवतात.

आजच्या काकांनी शेवटी विचारलंच. "यावर गोळी नाही का?" नाही. आवाजांवर आहेत, १९५० च्या दशकापासून आहेत. या मंदपणावर आणि स्मृतीवर मंजूर झालेली एकही नाही. आयक्लेपर्टिन नावाच्या औषधाकडून मोठी आशा होती, तेही जानेवारी २०२५ मध्ये शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांत फसलं. हे सांगताना मी आवाज मऊ करत नाही. काकांना खरं हवं होतं.

४.१५

दिवसातला सगळ्यांत गोंगाटाचा तास. व्यवसायोपचाराच्या हॉलमध्ये आठ-नऊ शुभार्थी (रुग्णांना आम्ही असं म्हणतो) जमतात. संगणकावरचे व्यायाम आहेत, पण संगणक दोन. बाकीच्यांसाठी पत्ते.

बदाम सात हा खेळ कुणी या कामासाठी बनवलेला नाही, पण याहून चांगला मला सापडलेला नाही. मांडलेल्या चार रांगा नजरेखाली ठेवायच्या, हातातल्या पत्त्यांत काय बसतं ते शोधायचं, आणि कुणाची वाट अडवायची तेही बघायचं. पहिले काही आठवडे घाई करायची नाही हा नियम. 'चल ना लवकर' म्हणणाऱ्याची एक बारी जाते. त्याने एवढा फरक पडतो की बाहेरून आलेल्याला वाटावं यांना काही झालेलंच नाही. मग हळूहळू वेळ कमी करत न्यायचा. नाव-गाव-फळ-फूल उलट बाजूने उपयोगी: तिथे डोळ्याला काम नाही, आतून शब्द ओढून काढायचा. 'क'वरून फळ कुणालाच आठवेना तेव्हा एकाने 'कैरी' म्हटलं, दुसऱ्याने ते कच्चं आहे म्हणून हरकत घेतली, आणि दहा मिनिटं भांडण चाललं. चालू दिलं. भांडताना कुणी मंद नव्हतं.

अशा सरावाचा उपयोग होतो का? लंडनच्या टिल वाइक्स यांनी २०११ मध्ये ४० अभ्यासांतले २१०४ रुग्ण एकत्र तपासले. फायदा मध्यम, पण टिकणारा. आणि तो रोजच्या जगण्यात दिसायचा असेल तर नुसते व्यायाम पुरत नाहीत. सोबत युक्त्या शिकवाव्या लागतात आणि शेजारी खरं काम असावं लागतं. पत्त्यांत वेग वाढला म्हणून काउंटरवर वाढेल असं होत नाही. मला हा निष्कर्ष आवडतो, कारण तो आमच्या हॉलला मोठं म्हणत नाही.

म्हणून शेवटची वीस मिनिटं युक्त्यांची. आजचा विषय मोबाईलवरचा ओटीपी. संदेश येतो, आकडे बघायचे, दुसऱ्या पडद्यावर जायचं, तोवर दोन आकडे विसरलेले, परत मागे, आणि मुदत संपली. गटातल्या प्रत्येकाचं यात हसं झालेलं आहे, बँकेत किंवा घरी. उपाय साधा: आधी हातात पेन, आकडे तळहातावर लिहायचे, मग पडदा बदलायचा. एक ताई म्हणाली, "शाळेत तळहातावर लिहिलं की छडी बसायची." आता परवानगी आहे, मी म्हटलं. बसच्या पाटीचं मात्र कठीण. सरकती अक्षरं वाचून होईपर्यंत बस सुटते. तिथे आपला नंबर आधी कागदावर लिहून ठेवायचा आणि तेवढाच आकार शोधायचा, बाकी पाटी वाचायचीच नाही.

५.३०

मेडिकलच्या मालकांचा फोन. सकाळच्या तरुणाने परवानगी दिली आहे, तरच मी बोलते, आणि निदानाबद्दल त्यांना आधीपासून माहीत आहे ते सोडून एक शब्दही जास्त बोलत नाही.

"मॅडम, अहवाल मिळाला. पण ते पर्सेंटाइल वगैरे माझ्या डोक्यावरून गेलं. सरळ सांगा, ठेवू की नको?"

मी सरळ सांगितलं. गर्दीच्या वेळी काउंटर नको. समोर कुणी उभं नसेल असं काम द्या. एक्स्पायरी बघणं, आलेला माल बिलाशी ताडून रॅकला लावणं, परतीचा माल वेगळा काढणं. रॅकच्या कप्प्यांना मोठे, वेगवेगळ्या रंगांचे पट्टे लावा. एका वेळी एकच सांगा, दोन सांगायची असतील तर लिहून द्या. आणि एका कप्प्यावर बोट ठेवून तो काम करत असेल तर हाक मारू नका. त्याचं बोट निसटलं की त्याला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

"एक्स्पायरीचं काम मी रविवारी करतो, अर्ध्या दिवसात होतं. त्याला किती लागेल?"

"दुप्पट. पण तुमच्याकडून सुटलेली पट्टी त्याच्याकडून सुटणार नाही बहुतेक."

ते हसले. मग हिशेबावर आले: पगार तोच द्यायचा, वर काउंटरला दुसरा मुलगा ठेवायचा, हे लहान दुकानाला परवडत नाही. खरं आहे ते. मी म्हटलं, मग संध्याकाळी सहा ते नऊ, तुमच्या गर्दीच्या वेळी, त्याला सुटी द्या आणि त्याऐवजी सकाळी लवकर बोलवा, दुकान उघडायच्या आधी. पगाराचं तुम्ही दोघं ठरवा, पण ठरवताना त्याच्या आईला बसवा, तो घाईत हो म्हणून मोकळा होईल. मालक म्हणाले, महिनाअखेर स्टॉक मोजायचा आहे, तेवढ्यापुरतं बघतो, मग सांगतो. आणि हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून पाठवा.

साडेसहाची बस चुकणार हे कळलंच. लिहायला बसले.